कोऱ्या कागदावरचे लाल ठिपके

वंदनाने सदर भागातल्या एका दुकानात नऊ वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर प्रिंट काढले होते. कागद कुठे अडकला, कुठला रंग संपत आला, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. निदान तिचा तसा समज होता, आणि दुकानात येणाऱ्यांचाही होता. म्हणून तर तिने धीर करून नोकरी सोडली आणि जुनी मशीनं विकणाऱ्या साहिलकडून एक कलर लेझर मशीन सक्करदऱ्याच्या घरी आणलं. पहिल्या दिवशी मशीनने धुतल्या तांदळासारखे स्वच्छ प्रिंट दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच पान बाहेर आलं आणि वंदनाची नऊ वर्षांची अक्कल पाण्यात गेली.

पानभर लाल ठिपके होते. बारीक, मोहरीच्या निम्मे. मधूनच एखादा पिवळट फराटाही.

पहिलं पान सगळ्यात वाईट, दुसरं जरा बरं, दुपारपर्यंत ठिपके विरळ होत होत जायचे आणि संध्याकाळी मशीन पुन्हा शहाण्या मुलासारखं वागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पहिले पाढे पंचावन्न.

ठिपके निळे असते तर एक वेळ चाललं असतं. पण वंदनाची पहिली ऑर्डर होती भिवापूरच्या बायांच्या बचत गटाची, आणि तीही मिरची पावडरच्या पाकिटावर लावायच्या लेबलांची. पांढऱ्या लेबलावर एकच लाल मिरची, खाली गटाचं नाव, बाकी सगळं कोरं. गटाच्या अध्यक्षा प्रयागबाई, मोकळ्या कपाळाच्या आणि खणखणीत आवाजाच्या, स्वतः येऊन बजावून गेल्या होत्या. "पांढरं ते पांढरंच पाह्यजे, बाई. लाल डाग दिसला का गिऱ्हाईक म्हणते, रंग सुटून राहिला, मिरचीत भेसळ हाये. शनिवारी येतो आमी. पसंत पडलं तर वर्षभराचं काम तुलेच."

आणि पसंत नाही पडलं, तर काय होणार हे वंदनाच्या नवऱ्याने सांगून ठेवलं होतं. सुशील शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण जुन्या वस्तूवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "शनिवारी लेबलं पास झाली तर मी तोंड उघडणार नाही," तो म्हणाला होता. "नाही झाली, तर मशीन साहिलले वापस, अन् तू सदरले वापस. मंग रडाचं नाही." वंदनाने मान डोलावली होती. पुन्हा त्या दुकानात, त्याच स्टुलावर, मालकाच्या त्याच हसण्यासमोर बसायचं, हे तिला काही केल्या नको होतं.

घरात तिसरं मोठं माणूस म्हणजे सासूबाई, वच्छलाबाई. त्यांचं मशीनशी पहिल्या दिवसापासून वाकडं. समोरच्या खोलीत जिथे मशीन ठेवलं, तिथे पूर्वी सासरे रुपराव यांचा हातमाग होता. रुपराव गेले, माग विकला, मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली. त्या फरशीचा रंग अजून बाकीच्या फरशीशी जुळत नाही. तिथेच टेबल टाकून मशीन ठेवलं तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या, "हे डबडं तिथंच कायले?" त्या दिवशी सुशील आणि वंदनाचं याच मशीनवरून जुंपलेलं होतं, त्यामुळे उत्तर कोणी दिलं नाही. तेव्हापासून त्या मशीनबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. जवळून जायची वेळ आली तर पदर आवळून, अंग चोरून जायच्या. वंदनाला त्याचा राग यायचा. घरातल्या माणसाने निदान ‘कसं चाललंय’ एवढं तरी विचारावं की नाही!

साहिल जुनी मशीनं घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा. तिशीचा माणूस, बोलण्यात मधूनच हिंदी, पण धंद्याला प्रामाणिक. वंदनाने फोन केला की तो गाडीला किक मारायचा. पहिल्या वेळी त्याने ठिपक्यांचं पान उजेडात धरलं आणि पट्टी लावून मोजमाप केलं.

"आतल्या फिरत्या ड्रमवर ओरखडा असला ना ताई, तर दाग बराबर एकाच अंतरावर पुन्हा पुन्हा येते," तो म्हणाला. "हे तर कुठंबी हाये. कोनी मुठीनं फेकल्यासारखे."

"मंग काय म्हणाचं याले?"

"तेच तर समजून नाही राहिलं."

तरी त्याने रंगांच्या डब्या काढून हलवल्या, आतला पट्टा कोरड्या कापडाने पुसला, मशीनकडून साफसफाईची पानं काढवली. संध्याकाळ झालेली होती, प्रिंट अर्थातच स्वच्छ आला. साहिल खूश होऊन गेला. सकाळी पुन्हा ठिपके.

मग मशीन गाडीवर बांधून सदरला त्याच्या दुकानात नेलं. तिथे ते दोन दिवस राहिलं आणि एक ठिपका पडेल तर शपथ. "तुमच्या घरचीच काही भानगड हाये," साहिल म्हणाला. वंदनाला ते झोंबलं. पण मशीन घरी आणलं, रात्री झाकून ठेवलं, आणि सकाळी पुन्हा तेच लाल ठिपके. आता साहिलच्या बोलण्यात तथ्य नाही असं म्हणायला तरी तोंड कुठे उरलं होतं?

साहिलने घराजवळच्या तलावाच्या दमट हवेवर ठपका ठेवला. वंदनाने कागदाची रिमं लोखंडी कपाटात ठेवली. सुशीलने ठपका व्होल्टेजवर ठेवला, शेजारच्या इलेक्ट्रिशियनने अर्थिंगवर. वंदनाचा स्वतःचा संशय सगळ्यात भारी होता. प्रयागबाईंनी नमुन्याला म्हणून मिरची पावडरचं एक पाकीट दिलं होतं, ते त्याच खोलीत होतं. उडाली असेल भुकटी! तिने पाकीट स्वयंपाकघरात हलवलं आणि खात्री करायला म्हणून ठिपक्यांचं पान चक्क जिभेला लावलं.

तिखट नव्हतं.

"आता मशीन चाटाचंच बाकी होतं," सुशील कपाळाला हात लावून म्हणाला.

हसण्यासारखंच होतं, पण वंदनाला हसू येत नव्हतं. तिला रात्री डोळे मिटले की लाल ठिपके दिसायचे. सासूबाईंचं लुगडं धुताना पदराच्या टोकाला फिकट लाल डाग दिसला, तेव्हाही तिला आधी मशीनच आठवलं. मग स्वतःवरच चिडून तिने तो साबणाने घासला. स्वयंपाकघरात मिरचीचं पाकीट आहे, डाग पडायचाच. आता काय पदरावरचे डागही मशीनच्या खात्यात मांडायचे?

गुरुवारी साहिल पुन्हा आला. आता त्यालाही ते मशीन खायला उठलं होतं. त्याने मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारली, आणि चिमट्याने एक बारीक पांढरी वस्तू बाहेर काढली. ती तांदळाचा दाणा होती.

"उंदीर," साहिल म्हणाला.

"उंदीर!" सुशील म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद वंदनाने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. त्याने लगेच पिंजरा आणला, त्यात भजं लावलं. उंदीर काही आला नाही. सकाळी भजं जागच्या जागी होतं आणि ठिपके कागदावर. फक्त आता लोकांनी विचारलं की सांगायला एक उंदीर झाला होता.

शुक्रवारी वंदनाने डोकं शांत ठेवून स्वतः तपासायचं ठरवलं. संगणकावरून तिने एक कोरं पान छापायला पाठवलं. अक्षर नाही, चित्र नाही, काहीच नाही. कोरं पाठवलं म्हणजे कोरंच यायला पाहिजे. पान आलं, त्यावर ठिपके होते. तिने बोटाने एक ठिपका चोळला. तो पसरला आणि बोट लाल झालं. मग आदल्या दिवशीच्या पानावरची अक्षरं चोळली. ती जागची हलली नाहीत.

तिने साहिलला फोन लावला.

"ठिपके पुसले जातात? मंग फ्युजर गेला, ताई," तो म्हणाला. फ्युजर म्हणजे आत रंग तापवून कागदावर पक्का बसवणारा भाग. "गरमच नाही होऊन राहिला तो."

"मंग अक्षरं काहून नाही पुसली जात?"



"ताई," साहिल म्हणाला, "मशीनमधून असा रंग येऊन राहिला, जो मशीनमधेच नाही. मी काय बोलू आता?"

वंदनाने फोन ठेवला आणि त्या कोऱ्या, ठिपक्यांच्या पानाकडे पाहत बसली. तिला खरंच काही समजेनासं झालं होतं. एवढी वर्षं या कामात घालवली ती कशासाठी? रागाने रडू आलं तेव्हा तिने तेच पान चुरगळून तोंडावर धरलं, आणि नाकाच्या शेंड्यावर लाल डाग घेऊन घरभर फिरली. वच्छलाबाईंनी तो डाग पाहिला. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि त्या देवघराकडे वळल्या.

सकाळी सहाला नळ यायचा. नळ आला की सगळं घर मागच्या अंगणात. सुशील पाइप धरायचा, वंदना पिंप, हंडे, बादल्या भरायची, आणि समोरच्या खोलीत कोणी नसायचं. शनिवारी नळाला थोडा वेळ नुसती हवा आली आणि मग तीही थांबली. वंदना रिकामी बादली घेऊन परत फिरली.

समोरच्या खोलीत वच्छलाबाई मशीनपुढे उभ्या होत्या. अंघोळ झालेली, केस ओले. डाव्या हातात हळद-कुंकवाचा करंडा. उजव्या हाताच्या बोटाने त्यांनी मशीनच्या माथ्यावर, जिथून कागद बाहेर येतो त्या फटीच्या अगदी वर, आधी हळद आणि मग कुंकू लावलं. दोन अक्षता टाकल्या. हात जोडले, पुटपुटल्या. आणि मग कोणाला दिसू नये म्हणून पदराच्या टोकाने ते सगळं कोरडंच खसाखसा पुसलं, सरळ फटीच्या दिशेने.

वंदनाच्या हातून बादली पडली.

तिला आधी राग आला, असा राग की कानशिलं तापली. झोप गेली, साहिलच्या चकरा झाल्या, उंदराला पिंजरा लागला, तिने कागद चाटला, आणि हे सगळं करणारं माणूस रोज तिच्याच हातची भाकरी खात होतं!

"आई! हे काय करून राहिल्या तुमी?"

वच्छलाबाईंनी करंडा पदराखाली लपवला. लपवता लपवता झाकण निसटलं आणि कुंकू फरशीवर सांडलं. त्या पाहतच राहिल्या त्या सांडलेल्या कुंकवाकडे. मग टेबलाचा काठ धरून खाली बसल्या.

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "मायाच हातानं बिघडलं ते. मले पह्यल्या दिवशीपासून मालूम हाये."

वंदनाला वाटलं, त्यांना कुंकवाच्या भुकटीचं कळलंय. पण त्या वेगळंच बोलत होत्या.

"तुया सासऱ्याच्या मागाले मी रोज कुंकू लावत होती वं. मी लावलं का मंग ते विणायले धोटा हाती घेत. एक दिवस चुकला नाही. ते गेले, तवापासून कुंकवाच्या करंड्याले मी हात नाही लावला. लावू नाही ना आमी. मंग तुमी हे मशीन आणलं, त्याच जागेवर ठेवलं, अन् घरातल्या एकानंबी त्याले कुंकू नाही लावलं. तुमी दोघं भांडून राहिले होते. बिनकुंकवाचं काम उभं कसं राहीन, सांग? मले राहवलं नाही. लावलं मी चोरून. दुसऱ्याच घडीले लाल डाग पडले. देवानं लालच डाग दाखवले, वंदना. म्हटलं, विधवेचा हात लागला."

"मंग बंद काहून नाही केलं?"

"बंद केलं अन् पुरतंच बिघडलं तर? तू त्याच्यापाई नोकरी सोडली. म्हणून रोज माफी मागत होती. डाग वाढले का कुंकू जास्त लावत होती. काल अक्षता वाढवल्या."

वंदना तिथेच त्यांच्याशेजारी बसली. राग कुठे गेला ते तिला कळलं नाही, आणि त्या जागी लाज आली. जी बाई मशीनला डबडं म्हणते म्हणून आपण मनात अढी धरली, ती त्याच डबड्यासाठी रोज सकाळी जिवाचा थरकाप करून घेत होती.

"आई, हाताचं काही नाही यात," ती म्हणाली. "कुंकू कोरडं हाये. पुसलं का भुकटी फटीत जाते, कागदाले चिकटते. बस एवढंच."

वच्छलाबाईंनी मान हलवली. समजूत घालायला आलेल्या पाहुण्यांपुढे हलवतात तशी.

आता मशीनचं सगळं उमगलं होतं आणि माणसाचं काय करावं ते उमगत नव्हतं. पण भिवापूरच्या बाया निघाल्या असतील. वंदनाने पदर खोचला, झाकणं उघडली, कोरड्या ब्रशने कानाकोपरा झाडला, रोलर मऊ कापडाने पुसले, कोरी पानं घालत राहिली. हळूहळू ठिपके विरले. मग तिने लेबल छापलं. पांढरं म्हणजे दुधासारखं पांढरं, मधोमध एक लालबुंद मिरची. वंदनाला हुंदकाच फुटला. जमलं होतं! आता स्टूल नाही, मालक नाही, सदर नाही.

वच्छलाबाईंनी दारातूनच ते लेबल पाहिलं.

"पाह्यलं?" त्या हळूच म्हणाल्या. "मी दूर झाली अन् लगेच सुधरलं."

वंदनाच्या हातातलं लेबल तसंच राहिलं. खरं सांगायला गेलं तरी तिच्या तोंडी तेच शब्द येत होते: हो, तुम्ही हात लावला नाही म्हणून सुधारलं. आता कितीही शास्त्र सांगितलं तरी सासूबाई मान हलवणार, आणि मरेपर्यंत हा हात पदराखाली ठेवून जगणार. तिने घड्याळाकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या पदराखालचा करंडा काढून घेतला, उरलेलं कुंकू चिमटीत धरलं, आणि आत्ताच झाडून पुसून लखलखीत केलेल्या मशीनच्या फटीत स्वतःच्या हाताने सोडलं.

"अवं! येडी झाली का?" वच्छलाबाई किंचाळल्या. सुशील बादलीसकट धावत आला. "अरे, बाया येऊन राहिल्या!"

वंदनाने कोरं पान पाठवलं. मशीन घरघरलं. पान बाहेर आलं, आणि त्यावर ठिपके होते, नेहमीपेक्षा जास्तच. तिने ते सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"पाहा आई. हा माया हात हाये. नवरा समोर उभा हाये माया, बादली घेऊन. मंग माया हातानं काहून पडले ठिपके?"

वच्छलाबाईंनी ठिपक्यांवरून एक बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज मात्र नेहमीचा करडा निघाला.

"मंग बसली काहून? मशीन कोण पुसणार, उंदीर? तो ब्रश दे मले."

दोघींनी मिळून पुसलं. वच्छलाबाईंनी मागाच्या धाग्यांत अडकलेला कचरा आयुष्यभर काढला होता, ब्रश कसा धरायचा ते त्यांना सांगावं लागलं नाही, पण घाईघाईत त्यांनी एक झाकण उलटं बसवलं आणि ते पुन्हा काढण्यात वेळ गेला. बाया आल्या तेव्हा मशीनचं पोट अजून उघडंच होतं. सुशीलने त्यांना बसवलं, चहा ठेवला, आणि कोणी विचारलं नसताना उंदराची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

शेवटी लेबलं निघाली. प्रयागबाईंनी एक उचललं, दारात जाऊन उन्हात धरलं, पालथं करून पाहिलं, नखाने खरवडलं.

"पांढरं हाये," त्या म्हणाल्या. "आता असंच पाह्यजे, वर्षभर."

वंदनाने डोळे मिटून घेतले. बाकीच्या बाया बोलायला लागल्या. वच्छलाबाई चहाचे कप उचलायला पुढे झाल्या, तशी प्रयागबाईंची नजर त्यांच्या हातावर गेली. मग ती वर, त्यांच्या मोकळ्या कपाळावर गेली, आणि परत हातावर आली.

"आजी, तुमची बोटं कायनं लाल झाली वं?"

उत्तर वंदनाच्या ओठांवर तयार होतं, मशीनचा रंग लागला म्हणून. पण वच्छलाबाईंनी कप खाली ठेवला.

"कुंकू हाये," त्या म्हणाल्या, आणि हात पदराखाली नेला नाही.